अळवावरचे पाणी आणि मण्यावरची लव



पाऊस उघडला की परसातल्या अळवाकडे एकदा नीट पाहा. मोरीच्या पाण्यावर वाढलेली ती हातभर रुंद पाने पावसात तासभर भिजलेली असतात, पण पान मात्र कोरडे! पाण्याचे टपोरे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळतात आणि पान जरा कलले की घरंगळून खाली जातात. जे टिकत नाही त्याला आपल्याकडे 'अळवावरचे पाणी' म्हणतात. म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे, पण पाणी तिथे का टिकत नाही, हे विचारले की घरोघर मौन असते.

याचे उत्तर एका शब्दाचे आहे : मेण. पोळ्यातले नव्हे, तर झाडाने स्वतः तयार करून पानाच्या अंगाला माखलेले मेण. ते अळवावर आहे, कोबीवर आहे, कांद्याच्या पातीवर आहे, ज्वारीच्या ताटावर आहे आणि द्राक्षाच्या मण्यावरही आहे. या मेणापायी मी एका बागायतदाराचे मोठे नुकसान केले. ती हकीकत पुढे येईलच, पण ती समजायला आधी हे मेण काय चीज आहे ते पाहायला हवे.

तेलाचा थोरला भाऊ

झाडे मूळची पाण्यातली. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी ती जमिनीवर आली तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती वाळून जाण्याची. मुळांनी ओढलेले पाणी ऊन-वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून झाडांनी अंगावर एक पातळ पापुद्रा धरला. या पापुद्र्याचा सांगाडा 'क्युटिन' नावाच्या चिवट पदार्थाचा असतो. त्याच्या आत आणि वर मेण असते. क्युटिन म्हणजे गोणपाट आणि मेण म्हणजे त्यावर चढवलेले डांबर, असे समजा. नुसते गोणपाट पाणी अडवत नाही, आणि नुसते डांबर उभे राहत नाही.

आता रसायनशास्त्र थोडेसे सांगतो, घाबरू नका. आपल्या घरचे शेंगदाण्याचे तेल ज्या आम्लांपासून बनते, त्यांत कार्बनचे १६ किंवा १८ अणू साखळीच्या कड्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. पानाच्या सालीतल्या पेशी हीच साखळी घेतात आणि तिला दरवेळी दोन-दोन कड्या जोडत जातात. अठराच्या वीस, वीसच्या बावीस, अशी ती वाढत तिशीच्या घरात जाते. साखळी लांबली की पदार्थ घट्ट होतो. म्हणूनच तेल वाहते आणि मेण वाहत नाही. पुढे काही साखळ्यांतली शेवटची एक कडी गळून पडते. त्यामुळे पानांवरच्या मेणात विषम आकड्यांच्या साखळ्या फार सापडतात. कोबीच्या मेणात २९ कार्बनची साखळी मुख्य असते, तर कांद्याच्या पातीवर ३१ कार्बनची, आणि तिच्या मधोमध ऑक्सिजनचा एक अणू अडकवलेला. पिकागणिक मेण वेगळे, हे त्यामुळेच.

हे मेण सालीवर सपाट पसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्याचे कुठे पापुद्रे, कुठे नळ्या, तर कुठे काड्या उभ्या राहिलेल्या दिसतात. पाण्याचा थेंब या काड्यांच्या टोकांवर बसतो. खाली हवा राहते आणि सालीला पाणी लागतच नाही. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट व क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाच्या पानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरंगळणारा थेंब जाता जाता पानावरची धूळ, माती आणि बुरशीची बीजेही बरोबर घेऊन जातो, हे त्यांनी दाखवून दिले. चिखलात उगवून कमळ स्वच्छ कसे, याचे कोडे असे उलगडले. आपल्या अळवाचेही तंत्र हेच आहे. अळूवडीसाठी पाने धुताना पाणी लागतच नाही म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी लागतात, हे घरातल्या भगिनींना शास्त्राआधीपासून ठाऊक आहे.

ज्वारीचे ताट वेढून बसलेल्या पानाच्या बुडावर बोट फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागेल. उसाच्या कांड्यावर पेऱ्याच्या खाली पांढरा पट्टा दिसतो, तोही मेणच. कारखान्यात उसाबरोबर जाऊन ते बरेचसे प्रेसमडमध्ये उतरते. प्रेसमड कुजवूनच शेतात घाला असे आम्ही सांगतो, त्याच्या कारणांत हेही एक आहे. ज्वारीच्या ज्या झाडांवर ही भुकटी येत नाही ती झाडे जास्त पाणी गमावतात. कोरडवाहू रब्बीला हा फरक लहान नाही.

औषध कुठे गेले?

कांद्यावर फुलकिडे आले की आपण पंप पाठीला लावतो. औषध चांगले, मात्रा बरोबर, तरी चार दिवसांनी फुलकिडे जसेच्या तसे. मग दुकानदाराला शिव्या, कंपनीला शिव्या. औषध बनावट असू शकते, नाही असे नाही. पण पुष्कळदा औषध पातीवर थांबलेलेच नसते. ते अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळून मातीत गेलेले असते. पैसे तुमचे गेले आणि औषध जमिनीला मिळाले.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. फवारणीचे पाणी कालवले की हातमोजा घालून एक पात किंवा कोबीचे एक पान त्यात बुडवा आणि वर काढा. पान कोरडेच बाहेर आले, किंवा त्यावर सुटे सुटे गोल मणी दिसले, तर त्या पाण्यात चिकट द्रव, म्हणजे दुकानात ज्याला स्टिकर म्हणतात तो, घालण्याची गरज आहे. पातळ एकसारखी ओल दिसली तर काम झाले. वांग्याचे किंवा भेंडीचे पान असेच बुडवून पाहा. त्याला पाणी सहज धरते, तिथे कांद्याइतक्या स्टिकरची गरज नसते. पुष्कळ पातळ औषधांत कंपनीनेच असा पदार्थ मिसळलेला असतो, म्हणून आधी परीक्षा आणि मग स्टिकर.

स्टिकर थेंबाचा ताण मोडतो आणि थेंब काड्यांच्या टोकांवरून खाली बसतो. पण 'थोड्याने एवढे झाले तर दुप्पट घालू' हा हिशेब इथे चालत नाही. जास्त झाले की पाणी पातीवरून ओघळत टोकाला येते आणि ठिबकते. म्हणजे पुन्हा औषध मातीतच. डब्यावर जितके लिहिले तितकेच वापरा. कपडे धुण्याची पावडर तर मुळीच नको. तिने पान करपते, आणि मेण गेलेल्या पातीला पुढे ऊनही बाधते व रोगही लवकर धरतो. पावडरचा पुडा स्वस्त पडतो खरा, पण पात करपली की तोच महाग पडतो.

द्राक्षाची लव

आता द्राक्षाकडे येऊ, कारण मेणाचे सगळे गुण एका मण्यावर पाहायला मिळतात.

तयार घडावर जी पांढुरकी झाक असते तिला कुणी लव म्हणतो, तर कुणी नुसती पावडर. काळ्या जातीवर ती अधिक उठून दिसते. ही लव म्हणजे मेणाचे बारीक पापुद्रे, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले. यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग ओलिॲनोलिक आम्ल नावाच्या पदार्थाचा असतो. तो लांब साखळीचा नसून पाच कड्या एकमेकींना चिकटवलेला असतो. हाच पदार्थ आपल्या लवंगेतही आहे. उरलेला भाग लांब साखळ्यांचा. गंमत अशी की पाणी अडवण्याचे खरे काम हा थोडा उरलेला भागच करतो, असे द्राक्षाच्या मेणावरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

हे मेण असते तरी किती? सालीच्या एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० मायक्रोग्रॅम. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. १७ मिलिमीटर जाडीचा गोल मणी धरला तर त्याची साल ९ चौरस सेंटीमीटर भरते. असे साडेतीनशेच्या वर मणी एका किलोत बसतात. म्हणजे किलोभर द्राक्षांची साल सव्वातीन हजार चौरस सेंटीमीटर, आणि तिच्यावरचे सगळे मेण एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर मिठाइतके! तेवढ्या मेणाच्या जोरावर किलोतले ८०० ग्रॅम पाणी मण्यात टिकून राहते आणि तुमचा घड दूरच्या बाजारापर्यंत ताजा पोचतो.

म्हणून काढणीच्या वेळी घड देठाला धरून तोडायचा, मण्यांना हात लावायचा नाही, क्रेटमध्ये आपटायचा नाही. बोटांचे ठसे उमटले की तिथली लव गेली. मणी पक्व झाल्यावर गेलेली लव पहिल्यासारखी परत येत नाही. विरळणीचा संबंधही इथेच आहे. जिथे मणी एकमेकांना दाबून वाढतात तिथे मेण नीट बसतच नाही आणि कूज नेमकी त्याच जागेवरून सुरू होते. गच्च घड आतून सडला म्हणजे नुसते औषध कमी पडले असे नव्हे. घड मोकळा न केल्याने मण्याला आपला अंगरखा शिवता आला नव्हता.

एक घोटाळा मात्र टाळा. भुरी रोगही पांढराच दिसतो. लव मण्यावर सगळीकडे एकसारखी असते. बोटाने पुसली की खाली स्वच्छ, चकचकीत साल दिसते. भुरी ठिगळाठिगळाने येते, आणि पुसल्यावर खाली सालीवर करडे-तपकिरी जाळे दिसते. पुढे असे मणी तडकतात. लवेला भुरी समजून फवारा मारणारा आणि भुरीला लव समजून स्वस्थ बसणारा, असे दोन्ही तऱ्हेचे लोक मी पाहिले आहेत.

शहरातल्या गिऱ्हाइकांचा समज वेगळाच. 'द्राक्षांवर औषधाची पावडर आहे' असे म्हणून ते लव घासघासून काढतात. तुमचे पाहुणे असे म्हणाले तर त्यांना सांगा, ही झाडाचीच आहे आणि पोटात गेली तरी अपाय नाही. मात्र औषधाचा पांढरा डाग वेगळा. तो थेंब सुकल्यासारखा, कडेला गडद आणि घडाच्या खालच्या टोकाला जास्त असतो. असा डाग दिसला तर गिऱ्हाइकाची शंका रास्तच म्हणायची.

सफरचंदाचेही असेच आहे. त्याच्या सालीवर मुळातच मेण असते. बांधणीच्या वेळी फळे धुतली जातात तेव्हा त्यातले पुष्कळ निघते, आणि फळ सुकू नये म्हणून वरून दुसरे मेण चढवतात. पोळ्याचे मेण, ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचे मेण आणि लाखेपासूनचे शेलॅक, यांचा लेप ताज्या फळांवर देण्यास आपल्या देशाच्या अन्न नियमांत परवानगी आहे. मात्र तसे लेबलवर लिहिले पाहिजे. नखाने खरवडल्यावर पांढरे निघाले म्हणजे फळ विषारी, असे नाही. कोमट पाण्यात धुऊन फडक्याने चोळून पुसा आणि पोरांना द्या.

पण याच मेणाची एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या सदसद्विवेकाशी निगडित आहे. पुष्कळशी कीटकनाशके पाण्यापेक्षा तेलात व मेणात अधिक मुरतात. कापसाच्या बोळ्यात अत्तर मुरावे तशी ती सालीवरच्या मेणात जाऊन बसतात, आणि मग नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण निघत नाहीत. फवारणी आणि काढणी यांत अमुक दिवस जाऊ द्या, असे डब्यावर लिहिलेले असते. त्या दिवसांत ऊन, हवा आणि झाड मिळून ते औषध मोडून टाकत असतात. घरच्यांसाठी दोन ओळी फवारणीविना राखणारे आणि बाकीचा माल फवाऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी बाजारात नेणारे शेतकरी मला भेटले आहेत. मी त्यांना एवढेच विचारतो, बाजारातून तुमच्या घरी येणारी भाजी कुणाच्या बाकीच्या ओळीतली असते?

माझी चूक

आता ती हकीकत. फेब्रुवारी १९९७. मला नोकरीला लागून दीड वर्ष झाले होते. पदवी हातात आणि उत्साह अंगात, अनुभव मात्र बेताचा. तासगावच्या बाजूला एका गावात एक अण्णा होते. एक एकर थॉमसन सीडलेसची बाग, आणि सोसायटीचे कर्ज त्याच घडांवर फिटायचे होते. मण्यांत पाणी उतरून गेले होते, गोडी भरत होती, काढणीला तीन आठवडे उरले असतील. अशा वेळी घडांत पिठ्या ढेकूण शिरला. त्याच्या चिकट्याने काही घड काळे पडू लागले.

अण्णांनी मला बोलावले. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "औषध आता मारायचं नाही, दिवस थोडे राहिलेत. साबणाच्या पाण्यात स्टिकर चांगला जास्त घालून घड धुऊन काढा." औषध न मारण्याचा भाग बरोबर होता. पुढचा भाग कुठल्याही पुस्तकात नव्हता, तो माझ्या डोक्यातला होता.

अण्णांनी विश्वासाने सगळी बाग धुतली. चिकटा गेला, ढेकूणही कमी झाला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर घड तेल लावल्यासारखे चकाकत होते. मला तर ते छानच वाटले! लव गेली आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. पंधरा दिवसांनी व्यापारी आला. एक घड हातात घेऊन, उलटासुलटा करून म्हणाला, "हा माल धुतलेला आहे. पेटीत दोन दिवससुद्धा दम धरणार नाही." त्याने नमुन्याला एक पेटी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मणी मऊ पडले होते आणि देठ सुकले होते. त्याने दर जवळपास निम्म्यावर आणला. अण्णांनी थोडा माल त्या दराने दिला आणि उरलेला बेदाण्याला घालायचे ठरवले.

बेदाण्याच्या शेडवरचा मुकादम जुना माणूस होता. घड पाहून तो हसला आणि म्हणाला, "साहेब, अर्धं काम आमचंच करून ठेवलंय की तुम्ही!"

त्या वाक्याने मी जागा झालो. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी चहा दिला आणि एवढेच म्हणाल्या, "पुढच्या साली आधी एका झाडावर करून बघूया, भाऊसाहेब." त्यानंतर आजवर मी कुठलाही नवा सल्ला 'आधी एका झाडावर' म्हटल्याशिवाय दिलेला नाही.

कौलांच्या फटी

मुकादम काय म्हणाला ते नीट पाहू. खायच्या द्राक्षात जे मेण आपण डोळ्यांत तेल घालून जपतो, तेच बेदाण्याच्या वाटेतली धोंड असते. मणी जसाच्या तसा वाळत घातला तर तो महिनाभर वाळत राहतो. तोवर सालीतली द्रव्ये हवेने तपकिरी होतात, माल काळपट पडतो, बुरशीही धरते. म्हणून मेणाची अडवणूक सैल करावी लागते.

ही युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन शेतीलेखक कोलुमेला याने राखेच्या उकळत्या पाण्यात थोडे चांगले तेल घालून त्यात घड बुडवायला सांगितले आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. आपल्या आज्या राखेने भांडी घासत ती याच क्षाराच्या बळावर. आज आपण शेडवर 'डिपिंग ऑइल' म्हणतो ते इथिल ओलिएट. ऑलिव्ह आणि शेंगदाणा तेलात भरपूर असणाऱ्या ओलिक आम्लापासून ते बनवतात. म्हणजे राख आणि तेल, तीच जोडी, फक्त बाटली नवी.

१०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथिल ओलिएट, हे प्रमाण आपल्याकडे रूढ आहे. आधी पाण्यात कार्बोनेट पूर्ण विरघळवा. मग तेलाची बारीक धार सोडत ढवळत राहा. दुधासारखे पांढरे पाणी झाले पाहिजे. वर तेलाचे थर तरंगत असतील तर ते घड काही मण्यांवर तेलकट आणि काहींवर कोरडे राहतात, आणि रॅकवर निम्मा माल वाळतो, निम्मा वाळत नाही. घड दोन ते चार मिनिटे बुडवून, निथळून, सावलीतल्या जाळीवर एकेरी थरात पसरायचे. या पाण्याचा सामू ११ च्या आसपास असतो, तो सामूच्या कागदावर पाहता येतो. घड बुडवत गेले की तो उतरतो आणि पाणी बदलावे किंवा भर घालावी लागते. हे पाणी कातडीला खाते. बुडवणाऱ्या बायामाणसांना रबरी हातमोजे द्या. मोज्यांची एक जोडी काही बेदाण्याहून महाग नाही.

हे द्रावण मेण धुऊन टाकत नाही, पुष्कळांचा हाच गैरसमज असतो. कौले जागेवरच राहतात. त्यांच्या फटींतली हवा जाऊन तिथे हे तेल शिरते, आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. वाळायला महिन्याऐवजी बारा ते अठरा दिवस पुरतात. चार किलो गोड द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा उतरतो. गोडी २२ ब्रिक्सच्या खाली असेल तर उतारा घटतो, तिथे द्रावण काही मदत करत नाही.

तेल फटीत नुसते बसलेले असते, म्हणून ते पाण्याने परत निघूही शकते. बुडवल्यावर पहिल्या काही दिवसांत माल पाण्याने धुतला गेला तर मेण पुन्हा अडवू लागते आणि वाळण्याचा वेग खाली येतो. मार्च-एप्रिलात अवकाळीची एक सर शेडमध्ये शिरली की 'पोळा झाला, माल वाळेना' अशी ओरड होते, ती यामुळे. पावसाचे पाणी मण्यात शिरले असे नव्हे, वाट उघडणारे तेल निघून गेलेले असते. वाऱ्याच्या बाजूने प्लास्टिकचा पडदा आधीच बांधून ठेवा. तरीही माल भिजला तर तो मोकळ्या हवेत निथळू द्या आणि त्याच द्रावणाचा निम्म्या ताकदीचा हलका फवारा जाळीवर मारा. बरेच शेडवाले तिसऱ्या-चौथ्या दिवशी एरवीही असा फवारा मारतात, तो गैर नाही.

अण्णांचा तो माल मात्र एकसारखा वाळला नाही. साबण ज्या बाजूला जास्त बसला होता ती बाजू आधी सुकली, दुसरी मागे राहिली, आणि रंग दोन तऱ्हेचा आला. पुढच्या वर्षी काढणीआधी अण्णांनी मला पुन्हा बोलावणे धाडले, तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. गेलो तर काकू बांधावर उभ्या होत्या. पिठ्या ढेकूण यंदाही होता, पण त्यांनी थंडीतच वेलींची सुटलेली साल काढून खोडे घासून घेतली होती आणि घडांना हात लावलेला नव्हता. एका कडेच्या वेलीला चिंधी बांधलेली होती. काकू म्हणाल्या, "हे तुमचं झाड. काय करायचं ते ह्याच्यावर करा."